2 इंच फोम, 741 किलोमीटर रूळ

उघड्या फळीवर आडवं झालं की शरीराचा सगळा भार खांदा, कंबर आणि टाचेवर येतो. खाली 2 इंच फोम घातला की तोच भार अंगभर वाटला जातो. क्षेत्रफळ वाढलं की दाब घटतो, एवढं साधं हे भौतिकशास्त्र. पण 1970च्या दशकात रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाला ते लागू नव्हतं. तिथं रात्र लाकडी फळीवरच काढायची. वळकटी बरोबर असेल तो सुखी. 1977मध्ये रेल्वेमंत्री झालेल्या मधु दंडवत्यांनी या फळ्यांवर फोम चढवायला घेतला. गंमत म्हणजे मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात ते भौतिकशास्त्रच शिकवत असत!

त्यांची संसदीय वाटचाल पाहिली की थक्क व्हायला होतं. 1970मध्ये ते विधान परिषदेत गेले. तिथं जेमतेम वर्ष होतंय तोच बॅ. नाथ पै यांच्या निधनानं राजापूर मतदारसंघ पोरका झाला, आणि 1971मध्ये दंडवते तिथून लोकसभेत पोचले. राज्यातलं सभागृह आणि संसद, दोन्हीकडे एकदम बसता येत नाही. परिषद सोडावी लागली. 1971 धरून सलग पाच वेळा राजापूरनं त्यांनाच दिल्लीला धाडलं.

त्या काळातला एक प्रसंग कादंबरीत घातला तर कोणी खरा मानणार नाही. जून 1975मध्ये दंडवते बंगळुरूला गेले होते, पक्षांतराला आळा घालणाऱ्या विधेयकाच्या संसदीय समितीच्या बैठकीसाठी. आणीबाणी लागली आणि समितीतले विरोधी सदस्य थेट तुरुंगात! दंडवते बंगळुरूत, पत्नी प्रमिलाताई येरवड्यात; संसार चालला पत्रांतून. दोन वर्षांच्या आत हाच कैदी केंद्रीय मंत्री झाला. 1974च्या संपात नोकरी गेलेल्या रेल्वे कामगारांना त्यांनी परत कामावर घेतलं, आणि डिसेंबर 1977मध्ये मुंबई–हावडा गीतांजली एक्स्प्रेस सोडली. तिला पहिला वर्गच नव्हता.

पण राजापूरकरांना हवी होती कोकणात रेल्वे, आणि घोडं अडलं होतं पैशापाशी. एवढे बोगदे, एवढे पूल. रेल्वेच्या वार्षिक अर्थसंकल्पातून दरवर्षी चिमूटभर तरतूद झाली असती तर रूळ टाकण्यात पिढ्या गेल्या असत्या. 1990मध्ये योग जुळला. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री, दंडवते अर्थमंत्री. तोडगा निघाला स्वतंत्र महामंडळाचा: केंद्राबरोबर महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक आणि केरळ यांनी भांडवल घालायचं, उरलेला पैसा रोखे काढून बाजारातून उभा करायचा. एकट्या करबुडे बोगद्याची लांबी साडेसहा किलोमीटर, तरी रोहा ते ठोकूर हा 741 किलोमीटरचा मार्ग 1998मध्ये पुरा झाला.

त्या वेळी राजापूरचे खासदार मात्र दंडवते नव्हते. काम सुरू झाल्यावर लगेचच, 1991च्या निवडणुकीत, मतदारांनी त्यांना पाडलं होतं. गाडी थांबली नाही, कारण महामंडळ खासदाराच्या खुर्चीवर अवलंबून नव्हतं. आपण नसतानाही काम चालू राहील अशी व्यवस्था लावून जाणं, लोकप्रतिनिधीची खरी कमाई ती हीच.