दिवाळीआधी, दिवाळीनंतर

सकाळी ९.४५. पंचायत समितीत अंगठा लावला. माझ्या आस्थापनेच्या टेबलावर सेवापुस्तकांचा गठ्ठा आहे, सगळे मेअखेर निवृत्त होणारे गुरुजी. कित्येक गुरुजींची जन्मतारीख १ जून. शाळेत नाव घालताना हेडमास्तरांनी दिलेली. एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, म्हणून ५८ भरले की सगळे एकदम ३१ मेला.

१०.३०. पहिलं पुस्तक उघडलं. मी आधी पगार बघत नाही, रुजू तारीख बघतो. १ नोव्हेंबर २००५ ही आमची लक्ष्मणरेषा. तिच्या अलीकडच्याला १९८२ च्या नियमांची जुनी पेन्शन. पलीकडच्याला अंशदानाची पेन्शन, आधी डीसीपीएस, आता एनपीएस: मूळ वेतन अधिक महागाई भत्ता यांचे १० टक्के आपले, १४ टक्के शासनाचे, पुढे बाजार देईल ते.

हे गुरुजी अलीकडचे. पण १९९८-९९ चा सेवा पडताळणीचा शेराच नाही. रेकॉर्ड रूममध्ये जाऊन बस्ते सोडले, धूळ झटकली. त्या वर्षीची बारापैकी अकरा पगारबिलं सापडली. पगार निघाला म्हणजे सेवा झाली. आता बारावं शोधायचं.

१२.००. उपकेंद्राच्या सिस्टर आल्या. त्यांना स्वेच्छानिवृत्ती हवी आहे. ऑगस्ट २००५ मध्ये रुजू, त्यामुळे जुनी पेन्शन पक्की. पण स्वेच्छानिवृत्तीला २० वर्षांची अर्हताकारी सेवा लागते.

"भाऊसाहेब, वीस वर्षं सहा महिने झाले की!"

मी पान फिरवून दाखवलं. २०१३, असाधारण म्हणजे बिनपगारी रजा, ११ महिने.

"सासूबाई अंथरुणाला होत्या."

स्वतःच्या आजारपणाचा वैद्यकीय दाखला असता तर ती रजा मोजली असती. तसा नाही, म्हणून ११ महिने वजा. उरली १९ वर्षं ७ महिने.

"पाच महिने थांबा, सिस्टर. आणि नोटीस तीन महिन्यांची लागते."

त्यांनी चष्मा काढून ती ओळ पुन्हा वाचली. कुणीतरी निळ्या शाईत, एका ओळीत लिहिलेली.

१.३०. डबा. जेवताना दोन ग्रामसेवकांचा जुना विषय पुन्हा निघाला. एकाच जाहिरातीतून निवडले गेले, दोघांच्या ऑर्डरी एकाच दिवशी निघाल्या. एक २८ ऑक्टोबर २००५ ला हजर झाला. दुसरा म्हणाला, दिवाळी करून जातो. भाऊबीज उरकून सोमवारी, ७ नोव्हेंबरला हजर झाला. त्या साली लक्ष्मीपूजन नेमकं १ नोव्हेंबरला होतं. घरच्या फराळापायी त्याची पेन्शन गेली, असं अठरा वर्षं सगळे म्हणायचे. २ फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वीची असलेल्यांना जुन्या पेन्शनचा एकदाच विकल्प दिला. तेव्हा बिचारा २००५ च्या पेपरातलं जाहिरातीचं कात्रण शोधत फिरला. मिळालं. मी २००९ चा. माझी जाहिरातही नंतरची. भाजी पुढे सरकवली.

३.३०. जिल्हा परिषदेच्या अर्थ विभागातून फोन. आमची पेन्शन प्रकरणं महालेखापालांकडे जात नाहीत, तिथेच मंजूर होतात. एक प्रकरण त्रुटीत निघालंय: विभागीय चौकशी नसल्याचा दाखला जोडलेला नाही. साहेबांची सही घेऊन टपालात टाकला.

५.३०. परिचर रजेचा अर्ज घेऊन आला. २००४ ला लागलेला. मागे कावीळ झाली तेव्हाचे २२ दिवस, शिल्लक रजा शून्य. अर्जावर नुसतं 'घरगुती कारण'.

"डॉक्टरचा दाखला कुठाय?"

"कशाला हो, भाऊसाहेब? बिनपगारीच तर आहे."

"बिनपगारी आहे म्हणूनच. उद्या दाखला आण, मग मंजुरीला ठेवतो."

तो कुरकुरत गेला. त्याचं सेवापुस्तक मी कपाटात परत ठेवलं नाही. टेबलावरच, कोऱ्या ओळीवर कागद खोचून ठेवलं.