विश्लेषण : ४५ अंश सोसणाऱ्यांनाही युरोपातले ३८ अंश का झेपत नाहीत?

नोकरी-शिक्षणासाठी युरोपात राहणाऱ्या मुलांकडे अनेक आई-वडील जातात ते नेमके उन्हाळ्यात. सहलींचा हंगामही हाच. ‘आम्ही नागपूरचे ४५ अंश पाहिलेत, तिथे काय होणार?’ हा समज मात्र धोक्याचा ठरू शकतो.

उन्हाळा किती कडक?

युरोप हा सर्वांत वेगाने तापणारा खंड आहे. सिसिलीत ११ ऑगस्ट २०२१ रोजी ४८.८ अंश सेल्सिअसची नोंद झाली. ब्रिटनने १९ जुलै २०२२ रोजी प्रथमच ४० अंश ओलांडले. २००३च्या उन्हाळ्यात ७० हजारांहून अधिक, तर २०२२मध्ये सुमारे ६१ हजार जणांचा उष्णतेमुळे मृत्यू झाल्याचा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांत ज्येष्ठांचे प्रमाण मोठे होते.

घरातच जास्त उकाडा का?

उत्तर आणि मध्य युरोपातली बहुतेक घरे थंडीसाठी, म्हणजे ऊब धरून ठेवण्यासाठी बांधलेली असतात. छताला पंखा क्वचितच दिसतो आणि एसी साधारण पाचपैकी एकाच घरात असतो. जूनअखेरीस पॅरिसमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे खोली निवायला वेळच मिळत नाही. शिवाय उन्हाची सवय कायम टिकत नाही. वर्षभर बर्लिनमध्ये राहिलेल्या नागपूरकराचे शरीरही ती विसरते.

उपाय काय? हवा यावी म्हणून दुपारी खिडक्या उघडू नयेत. सकाळीच खिडक्या, पडदे आणि बाहेरच्या झडपा बंद कराव्यात, रात्री सगळे उघडावे. राहण्याची जागा ठरवताना एसी आहे का, हे आधीच विचारावे. छतालगतची खोली टाळावी.

कामाच्या ठिकाणी नियम काय?

देशागणिक वेगळे. जर्मनीत कार्यालयातील तापमान ३० अंशांपुढे गेल्यास मालकाला उपाय करावेच लागतात. ३५ अंशांपुढे विशेष उपायांविना ती खोली कामायोग्य मानली जात नाही. फ्रान्समध्ये जुलै २०२५पासून उष्णतेच्या इशाऱ्यानुसार कामाच्या वेळा बदलण्यासारखे उपाय योजणे मालकावर बंधनकारक आहे. जिथे नळाचे पाणी नाही, तिथे प्रत्येक कामगाराला दिवसाला किमान तीन लिटर पाणी द्यावे लागते. ग्रीसमध्ये तीव्र लाटेत उघड्यावरची कामे दुपारी १२ ते ५ थांबवली जातात. ब्रिटनमध्ये मात्र कमाल तापमानाची कायदेशीर मर्यादा नाही.

प्रवासात काय पाहावे?

रूळ तापून प्रसरण पावतात, म्हणून रेल्वेगाड्यांचा वेग कमी केला जातो. पुढची गाडी वा विमान गाठायचे असेल तर मध्ये पुरेसा वेळ ठेवावा. अथेन्सचे ॲक्रोपोलिस २०२३ आणि २०२५च्या जुलैमधील लाटांत दुपारी बंद ठेवावे लागले होते. त्यामुळे स्थळदर्शन सकाळीच उरकावे. रोममध्ये रस्तोरस्ती पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत, रिकामी बाटली जवळ असू द्यावी.

कुणी असंबद्ध बोलू लागले, अंग तापले किंवा शुद्ध हरपली, तर उष्माघात समजून लगेच ११२ क्रमांकावर फोन करावा. मदत येईपर्यंत त्या व्यक्तीला सावलीत न्यावे, अंगावर पाणी मारून वारा घालावा.