मंडळातली बातमी : ऐकावी कशी, पारखावी कशी



मी राहतो लकडगंजात. नावच सांगते की ही लाकडाची वस्ती. सकाळी आरामशीनचा आवाज सुरू झाला की आमच्याकडे दिवस उगवला असे समजावे. येथे सागाचा ओंडका विकत घेणारा माणूस मी पुष्कळदा पाहिला आहे. विकणारा सांगत असतो, माल पक्का आहे, सरळ आहे, आतून भरीव आहे. घेणारा मान डोलावतो. पण पैसे काढण्यापूर्वी ओंडक्याच्या तोंडाशी वाकून पाहतो, दोन-चार ठिकाणी ठोकून आवाज ऐकतो आणि घेराला टेप लावतो. विकणाऱ्याला त्याचा राग येत नाही. पारखून घेणे हा व्यवहारच आहे.

लाकूड घेताना आपण जी काळजी घेतो, ती बातमी घेताना घेतो का? आज मला बोलायचे आहे ते एवढ्याबद्दलच. शेतकरी युवक मंडळाकडे आज बातम्यांची वाण नाही. पावसाची बातमी, भावाची बातमी, नव्या बियाण्याची, नव्या औषधाची बातमी. आकाशवाणी सांगते, वर्तमानपत्र सांगते, आणि मोबाईल तर रात्रंदिवस सांगतच असतो. वाण आहे ती पारख करणाऱ्यांची.

माझ्या वर्गात एक मुलगा होता, मौद्याच्या बाजूचा. गावच्या युवक मंडळाचा चिटणीस. एका वर्षी जुलै उजाडला तरी स्वारी वर्गात उदास बसलेली. विचारले तेव्हा म्हणाला, "सर, मोबाईलवर निरोप आला होता, उद्यापासून चार दिवस जोराचा पाऊस. मी मंडळात वाचून दाखवला. अकरा घरांनी सोयाबीन पेरलं. अन् पाणी आलंच नाही जी. दुबार पेरावं लागलं." मी विचारले, "निरोप कुणाचा होता?" तो म्हणाला, "तेच तं माहीत नाही. बी गेलं, त्याचं दुःख आहेच. पण आता मंडळानं काही सांगितलं की लोक हसतात."

मित्रांनो, बियाण्याची एक पिशवी गेली तर दुसरी आणता येते, कर्ज काढून का होईना. पण मंडळाच्या शब्दाची पत गेली तर ती कुठल्या दुकानातून आणायची?

आता तुम्ही म्हणाल, बातमी पारखायची म्हणजे करायचे काय? या प्रश्नाचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रात फार पूर्वी शोधले गेले आहे. १९५६ साली आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पुणे व आसपासच्या पाच मराठी जिल्ह्यांत एक प्रयोग केला. सुमारे दीडशे गावांत रेडिओ शेतकरी मंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस कार्यक्रम झाले. गावकऱ्यांनी एकत्र बसून ऐकायचे, मग त्यावर बोलायचे, आणि प्रश्न असतील ते लिहून केंद्राकडे पाठवायचे. केंद्र पुढच्या कार्यक्रमात उत्तर देई. ऐका, चर्चा करा, कृती करा, असे त्याचे सूत्र होते. ते मूळ कॅनडातल्या शेतकरी मंडळांचे. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होते, म्हणून आपल्याकडची गावे त्यात नव्हती. नाही तर आपल्या आजोबा-पणजोबांनीही ते कार्यक्रम ऐकले असते.

या प्रयोगाची पाहणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केली. तिचे प्रमुख होते पॉल न्यूराथ नावाचे समाजशास्त्रज्ञ. त्यांनी तीन तऱ्हेची गावे ताडून पाहिली : मंडळ असलेली, नुसताच रेडिओ असलेली आणि रेडिओही नसलेली. ज्या गावांत मंडळ होते तेथे लोकांच्या माहितीत चांगलीच भर पडली. नुसता रेडिओ होता तेथे फारच थोडी. यंत्र तेच, कार्यक्रम तोच. फरक पडला तो ऐकल्यानंतरच्या बोलण्याने. हा निष्कर्ष आजही तितकाच खरा आहे. हातात मोबाईल असणे म्हणजे नुसता रेडिओ असलेले गाव. त्या मोबाईलवर आलेले चारजणांनी मिळून तपासणे, म्हणजे मंडळ असलेले गाव.

तेव्हा आता एकेक बातमी घेऊ आणि ती ठोकून पाहू.

पहिली बातमी पावसाची. हवामान खात्याचे शब्द आपण रोज ऐकतो, पण त्यांना ठरलेला अर्थ असतो हे पुष्कळांना ठाऊक नसते. 'तुरळक ठिकाणी पाऊस' म्हणजे त्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी फार तर २५ टक्के ठिकाणी. 'काही ठिकाणी' म्हणजे २६ ते ५० टक्के. 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे ५१ ते ७५ टक्के. त्याच्यापुढे गेले की जवळजवळ सर्वत्र. आता सांगा, 'तुरळक ठिकाणी जोरदार पाऊस' ही बातमी ऐकून आपल्या शेतात पेरणी करावी का? जोरदार हा शब्द आपल्या मनात राहतो आणि तुरळक हा शब्द कानावरून निघून जातो. चारांपैकी तीन ठिकाणी कदाचित थेंबही पडणार नाही, हे त्या बातमीतच सांगितलेले असते!

आणि पाऊस पडला तरी किती पडला? कृषी खाते दरवर्षी सांगते की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीची घाई करू नये. मिलिमीटर म्हणजे काही अवघड प्रकरण नाही. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. एका एकरावर सुमारे चार हजार लिटर. सरळ भिंतीचा, सपाट बुडाचा एक डबा उघड्या जागी, झाडापासून व घरापासून दूर, घट्ट बसवा. रोज सकाळी साडेआठला त्यात पट्टी उभी धरून पाणी मोजा, वहीत लिहा आणि डबा रिकामा करा. खात्याचे लोकही सकाळी साडेआठलाच मोजतात. एवढे केले की 'काल धो धो पाऊस झाला' ही गप्पा न राहता 'काल १८ मिलिमीटर झाला, आतापर्यंत ४३' अशी नोंद होते. मोजणीसाठी मंडळातल्या शाळकरी मुलामुलींना पाळीपाळीने नेमावे. कृषी हवामान सल्ला आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. तो त्या दिवशी मंडळाच्या फळ्यावर लिहावा आणि शेजारी आपल्या डब्याची बेरीज लिहावी. निर्णय दोन्ही पाहून करावा.

दुसरी बातमी बियाण्याची. २०२० च्या खरिपात महाराष्ट्रात सोयाबीन उगवले नाही म्हणून मोठी ओरड झाली, हे तुम्हांला आठवत असेल. बियाणे बाजारचे असो की घरचे, त्याची परीक्षा पेरण्यापूर्वी घरी घेता येते. पोत्यातले वरचे-खालचे-मधले असे मिळून शंभर दाणे निवडल्याशिवाय काढा. गोणपाटाचा तुकडा भिजवून त्यावर दहा-दहाच्या ओळींत मांडा, दुसरा ओला तुकडा वर घाला, सैल गुंडाळी करून सावलीत ठेवा आणि ओलावा राखा. सहा-सात दिवसांनी उघडून चांगले कोंब आलेले दाणे मोजा. सत्तर किंवा अधिक असतील तर बियाणे ठरल्या प्रमाणात वापरावे. थोडे कमी असतील तर प्रमाण वाढवावे. फारच कमी असतील तर ते बी नव्हे, ते धान्य! ज्या दुकानातून आणले तेथली पावती आणि पिशवीवरची खूणचिठ्ठी जपून ठेवावी, हेही येथेच सांगून ठेवतो.

हेच काम परदेशात मुलांच्या मंडळांनी केले. १९०२ साली अमेरिकेतल्या ओहायो प्रांतात ए. बी. ग्रॅहॅम या शाळा अधीक्षकाने मुलामुलींचे मंडळ काढले. ती मुले घरच्या मातीची लिटमस कागदाने परीक्षा करीत आणि मक्याचे वाफे करून पाहत. त्यातूनच पुढे चार पाकळ्यांच्या हिरव्या पानाचे बोधचिन्ह असलेली मोठी चळवळ उभी राहिली. मोठी माणसे व्याख्यान ऐकून वळत नसत. पण पोराच्या वाफ्यातला मका बघून वळत. आपल्याकडेही बापाला पटवायचे तर वाद घालू नये, शंभर दाण्यांची गुंडाळी उघडून दाखवावी.

तिसरी बातमी भावाची. कळमन्याच्या बाजाराचे भाव सांगताना तीन आकडे सांगतात : किमान, कमाल आणि सर्वसाधारण. आपला कान नेमका कमाल दरावर असतो. पण कमाल दर हा कदाचित एकाच ढिगाला मिळालेला असतो. वाळलेल्या, स्वच्छ, एकसारख्या मालाला. बहुतेक माल ज्या दराने विकला गेला तो सर्वसाधारण दर. गाडीभाडे, हमाली, तोलाई यांचा हिशेब त्या दरावर करावा आणि मगच गाडी जुंपावी, म्हणजे आजच्या भाषेत टेम्पो ठरवावा. जोडीला आवक किती झाली तेही लिहावे. आवक चार दिवस चढत असेल तर भावाचा रोख कुणीकडे आहे ते सांगायला ज्योतिषी लागत नाही. आणि सोयाबीन ओले असेल तर कमाल दराचे स्वप्न पाहूच नये. हमीभावाच्या खरेदीत ओलाव्याची मर्यादा साधारणपणे १२ टक्के धरीत आले आहेत; एखाद्या हंगामात सरकार ती शिथिल करते, तेव्हा ती चौकशी आधी करावी.

चौथी बातमी औषधाची, आणि येथे मात्र मला थोडे थांबून बोलले पाहिजे. २०१७ च्या पावसाळ्यात विदर्भात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसाहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडो आजारी पडले. सर्वांत मोठा घाला यवतमाळ जिल्ह्यावर पडला. कपाशी त्या वर्षी डोक्याएवढी वाढली होती, फवारा अंगावरच येई. तोंडाला नीट फडके नाही, हातात मोजे नाहीत. आणि दोन-दोन, तीन-तीन औषधे एकत्र कालवलेली. 'अमक्यात तमके मिसळले की लगेच गुण येतो,' ही बातमी एका बांधावरून दुसऱ्या बांधावर गेली होती. ती कुणी लिहून ठेवली नव्हती, कुणी विचारली नव्हती. सांगणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हते. पण न पारखलेल्या बातमीने माणूस गेला.

म्हणून औषधाच्या बाबतीत मंडळाने दोन नियम करावेत. पहिला : डब्यावरचा त्रिकोण वाचल्याशिवाय झाकण उघडायचे नाही. लाल त्रिकोण अत्यंत विषारी, पिवळा त्याखालोखाल, निळा मध्यम आणि हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. हिरवा म्हणजे निर्धोक असे मात्र कुणी समजू नये. दुसरा : कीड मोजल्याशिवाय फवारायचे नाही. गुलाबी बोंडअळीसाठी एकरी दोन कामगंध सापळे लावावेत. सलग तीन रात्री दर सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग सापडले, तर उपाय करण्याची वेळ आली असे समजावे. त्यापूर्वी केलेली फवारणी म्हणजे पैशाचा आणि जिवाचा फुकट धोका. काय फवारावे, किती फवारावे, हे कृषी सहायकाला किंवा कृषी विज्ञान केंद्राला विचारावे. तेही शक्य नसेल तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा फुकट क्रमांक २००४ पासून आहे. तेथे मराठीत विचारता येते.

आता शेवटची आणि सर्वांत सोपी गोष्ट. मंडळात एक वही ठेवा आणि एका मुलाला किंवा मुलीला बातमी-चिटणीस नेमा. वहीत चार रकाने आखा. बातमी कोणत्या दिवशी आली, कुणी सांगितली, कुठे पडताळली, आणि आपण काय केले व काय झाले. दुसऱ्या रकान्यात नाव लिहिता आले नाही, तर ती बातमी मंडळात वाचायची नाही. चौथा रकाना भरण्याची लाज वाटू देऊ नका. आपले चुकले असेल तर 'चुकले' असे लिहा. पुढच्या वर्षी तेच पान सगळ्यांत उपयोगी पडेल. सहा महिन्यांत तुमच्या ध्यानात येईल, कोण खरे सांगतो आणि कोण नुसते पुढे ढकलतो.

तो मौद्याकडचा मुलगा आता शिकून गावी शेती करतो. त्याने मंडळात डबा बसवला, वही घातली. लोक पहिल्या वर्षी हसले, दुसऱ्या वर्षी डोकावून पाहू लागले. या जूनमध्ये मी त्याला फोन करून विचारले, "काय रे, पेरणी झाली का?" तर म्हणाला, "नाही जी सर. एकेचाळीस मिलिमीटर झालं. बाकीचं गाव विचारते, किती झालं म्हणून. आम्ही सांगतो, थांबा."

गाव पुन्हा विचारू लागले, यात सगळे आले.