न सापडलेली बचत

पुढच्या वीस वर्षांत राज्याला वीज किती लागेल, हा प्रश्न वरकरणी इंजिनिअर मंडळींचा वाटतो. कविता लिहिणाऱ्या, बी.ए. झालेल्या माझ्यासारख्या माणसाचं त्यात काय काम, असं कुणी म्हणेल. पण किती वीजकेंद्रं उभारायची, कोळशाच्या खाणीसाठी कुठल्या गावांनी उठायचं आणि तुमच्या-माझ्या बिलात काय येणार, हे याच आकड्यावरून ठरतं. म्हणून तो आकडा कसा काढतात, हे आपणही समजून घ्यायला हवं.

तज्ज्ञ त्यासाठी एक गणिती आराखडा मांडतात. त्याला ते मॉडेल म्हणतात. किती घरांत फ्रीज येतील, किती विहिरींवर पंप बसतील, याची बेरीज करायची आणि त्यातून बचत वजा करायची. खरी गोम या वजाबाकीत आहे. बचतीच्या यादीत बहुतेक वेळा आज बाजारात असलेली साधनंच धरली जातात. जी अजून निघायची आहेत, त्यांच्या रकान्यात शून्य पडतं.

आता तेलाकडे पाहा. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने २०१२ साली एक अंदाज दिला. अमेरिका सोडून उरलेल्या जगात अजून न सापडलेलं, पण काढता येण्याजोगं तेल सुमारे ५६५ अब्ज बॅरल असावं, असा तो अंदाज. हे तेल कुणी पाहिलेलं नाही. तरी खडकांची रचना आणि आजवरचा अनुभव यांवरून ते हिशेबात धरतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मग न सापडलेल्या बचतीलाच वेगळा न्याय का?

आपल्या शेजारच्या कर्नाटकाचं उदाहरण बोलकं आहे. १९८७ साली तिथल्या सरकारी समितीने २००० सालासाठी विजेची भलीमोठी गरज मांडली. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्रा. अमूल्य रेड्डी आणि त्यांचे सहकारी यांनी प्रश्नच वेगळा विचारला. माणसाला वीज हवी असते ती उजेडासाठी, आंघोळीच्या गरम पाण्यासाठी, शेताला पाणी देण्यासाठी. ही कामं कमीत कमी विजेत कशी होतील? सीएफएल दिवे, सूर्यबंब, सुधारलेले पंप असं सारं धरून त्यांनी हिशेब केला. उत्तर आलं सरकारी आकड्याच्या साधारण चाळीस टक्के!

गंमत अशी, की इतक्या काटकसरी यादीतही घरातला एलईडी दिवा नव्हता. असणार कसा? पांढऱ्या उजेडासाठी लागणारा प्रखर निळा एलईडी जपानमध्ये १९९३ साली तयार झाला. आज साठ वॅटच्या जुन्या बल्बएवढा उजेड नऊ वॅटचा एलईडी देतो. आपल्याकडे सरकारी खरेदीत २०१४ साली तीनशे रुपयांच्या वर असलेली त्याची किंमत दोन-तीन वर्षांत चाळीसच्या खाली आली. काल न सापडलेली बचत आज किराणा दुकानात मिळते.

मग जे ठाऊकच नाही ते मोजायचं कसं? तेलवाले मोजतात तसंच, मागच्या अनुभवावरून. १९७०च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतला नवा फ्रीज वर्षाला साधारण १८०० युनिट खात असे. २००१ सालापर्यंत तो पाचशेच्या आसपास आला. त्या काळात फ्रीज आकाराने मोठे होत गेले, हे विशेष. बचतीची एक पायरी चढावी आणि वर नवी पायरी दिसावी, असं हे घडत गेलं. या अनुभवावरून सुधारणेचा वार्षिक दर धरता येतो. तो दर लहान दिसतो, पण फरक मोठा पाडतो. एकाच कामाला लागणारी वीज दरसाल एक टक्का घटली, तर तीस वर्षांनी शंभर युनिटचं काम ७४ युनिटमध्ये होईल. दोन टक्के घटली, तर ५५मध्ये. नेमका दर कुणीच सांगू शकत नाही, हे खरं. म्हणून एकच आकडा न देता कमीत कमी आणि जास्तीत जास्त असे दोन्ही द्यावेत. पण अनिश्चित म्हणजे शून्य नव्हे.

दोन आक्षेप रास्त आहेत. वस्तू कमी खर्चात चालू लागली की माणूस ती जास्त वापरतो. कोळशाच्या बाबतीत हे जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ सालीच सांगून ठेवलं आहे. तेवढी वजावट करावीच लागेल. दुसरं म्हणजे निसर्गाचे नियम. पाणी वर चढवायला ठराविक ऊर्जा लागणारच, त्याखाली जाता येत नाही. पण आपली बहुतेक यंत्रं त्या मर्यादेपासून अजून बरीच लांब आहेत. साधा छताचा पंखा घ्या. जुना पंखा पंचाहत्तर वॅट घेतो, नव्या मोटरचा तीस-पस्तीसमध्ये तेवढाच वारा देतो.

शेवटी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. ते फ्रीज आपोआप सुधारले नाहीत. आधी कॅलिफोर्नियाने, मग साऱ्या अमेरिकेने विजेच्या वापरावर मर्यादा घातल्या, तेव्हा कारखानदार कामाला लागले. जमिनीखालच्या तेलाचा आकडा जाहीर झाला की कंपन्या यंत्रं घेऊन खणायला निघतात. बचतीच्या रकान्यात शून्य लिहिलं, तर तिच्या शोधात कोण निघणार? त्या शून्यापायी वीजकेंद्र उभं राहतं, गाव उठतं आणि उभ्या राहिलेल्या केंद्राचा खर्च पंचवीस-तीस वर्षं आपण भरत राहतो, वीज लागो वा न लागो. म्हणून विजेच्या गरजेचा नवा आकडा वर्तमानपत्रात वाचाल, तेव्हा एवढं जरूर विचारा: यात उद्याची बचत किती धरली आहे?