एक नोट, दोन हात

शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयातले दोन विद्यार्थी लाळ्या-खुरकुताची एकच नोट आपापल्या मोबाइलवर उघडून एकाच वेळी लिहू लागले, तर मजकुराची सरमिसळ का होत नाही? समजा, एकाने सुरुवातीला ५ अक्षरं घातली आणि त्याच क्षणी दुसऱ्याने २०वं अक्षर खोडलं. ते अक्षर तोवर २५व्या जागी सरकलेलं असतं. हा फरक ओळखून दुसऱ्याची आज्ञा दुरुस्त करून घेणारी पद्धत क्लॅरन्स एलिस आणि सायमन गिब्ज यांनी १९८९ मध्ये मांडली. गूगल डॉक्स याच वाटेने चालतं.

दुसरी युक्ती मला जास्त सुंदर वाटते: प्रत्येक अक्षराला कायमची ओळख द्यायची. मग जागा मोजावीच लागत नाही. गोठ्यात रेंज नसताना लिहिलेलंही नंतर बिनचूक जागी बसतं.

अर्थ मात्र यंत्राला कळत नाही. औषधाच्या मात्रेतला ५ खोडून एकाने ६ लिहिला, दुसऱ्याने ४, तर ओळीत ६४ उमटू शकतं! अशा ओळी बदलण्याचा अधिकार एकाकडेच ठेवावा, इतरांनी टिप्पणी करावी.