‘गॅस-चेक’ : एक संज्ञा आणि तिच्यामागील वस्तू

मराठीत ‘चेक’ हा शब्द आज निदान तीन अर्थांनी रुळला आहे. पेढीवर वटतो तो चेक, कापडावरील चौकटींचा चेक, आणि ‘चेक करणे’ या संयुक्त क्रियापदातील तपासणीवाचक चेक. यांपैकी तिसरा अर्थ इतका प्रबळ झाला आहे की, शस्त्रविद्येतील ‘गॅस-चेक’ ही संज्ञा समोर आली म्हणजे मराठी वाचकाच्या मनात प्रथम ‘वायूची तपासणी’ हीच कल्पना उभी राहावी. वस्तुतः या संज्ञेत तपासणीचा लवलेशही नाही. तेथे ‘चेक’ म्हणजे अटकाव. मात्र हा अटकाव कशाचा व कसा, हे कोश चाळून कळत नाही. त्यासाठी वस्तूकडेच वळावे लागते.

ही वस्तू म्हणजे तांब्याची, किंवा तांब्यात थोडे जस्त मिसळून केलेल्या धातूची, एक लहानशी उथळ वाटी होय. ती शिशाच्या ओतीव गोळीच्या बुडाला बसविलेली असते. अमेरिकेत हौशी नेमबाज शिसे, कथील व अँटिमनी यांचा रस साच्यात ओतून घरीच गोळ्या तयार करतात. छापखान्यांतून बाद झालेला लायनोटाइपचा धातू (अँटिमनी सुमारे १२ टक्के, कथील ४ टक्के, बाकी शिसे) त्यांच्या विशेष आवडीचा. खिळ्यांच्या धातूचे हे दुसरे आयुष्य मुद्रणाच्या अभ्यासकांनी लक्षात घेण्यासारखे आहे. भारतात अशा घरगुती उद्योगाला वाव नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ याने दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग आणि तो बनविण्याची यंत्रसामग्रीही अंतर्भूत केली असून परवान्यावाचून त्यांची निर्मिती निषिद्ध ठरविली आहे. त्यामुळे ही संज्ञा मराठीत येते ती भाषांतरे, संग्रहालयातील पाट्या आणि न्यायालयीन कागदपत्रे यांच्या वाटेने. वस्तू हाताळलेल्या माणसाच्या तोंडून नव्हे.

शिसे ३२७ अंश सेल्सियसला वितळते. जळत्या दारूचा वायू त्याहून कितीतरी अधिक तप्त असतो. तरीही गोळी नळीत असते तो अवधी एका सेकंदाच्या काही सहस्रांशांपलीकडे जात नाही. तेव्हा बूड सरसकट वितळते, हा जुना समज फारसा टिकणारा नाही. खरी हानी होते ती फटीतून. गोळी व नळी यांमध्ये कोठे बारीक वाट मिळाली की दाबाखालील वायू तेथून फुत्कारत पुढे जातो, गोळीची कड कातरतो आणि नळीतील पेचदार खाचांत शिसे माखतो. वाटी ही वाट बंद करते. ढोबळ मानाने, साध्या बुडाच्या गोळीला सेकंदाला ४२५ ते ४५० मीटर वेग झेपतो. वाटी बसविलेली गोळी ६०० मीटरपर्यंत नेता येते. ही संज्ञा प्रथम रूढ झाली ब्रिटिश तोफखान्यात. तेथे १८७० नंतरच्या काळात तोंडाने भरावयाच्या तोफांच्या गोळ्यांना मागे तांब्याच्या चकत्या लावू लागले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेतील जॉन बार्लो याने तीच कल्पना शिशाच्या गोळीपर्यंत आणली.

परंतु वाटी असणे पुरेसे नाही. ती गुण्यात बसली पाहिजे. गवंडी व सुतार यांचा हा शब्द येथे ‘काटकोनात’ या शब्दापेक्षा अधिक नेमका वाटतो, कारण त्यात मापनाबरोबर कारागिराची पारखही आहे. वाटी तिरपी बसली तर गोळीचे बूड तिच्या अक्षाला काटकोनात राहत नाही. नळीच्या तोंडाशी एक बाजू क्षणभर आधी मोकळी होते, वायू तिकडून निसटतो आणि गोळीला आडवा धक्का बसतो. नळीच्या खाचा दर १० इंचांत एक वेढा घेत असतील, तर सेकंदाला ६०० मीटर वेगाची गोळी सेकंदाला सुमारे २,४०० वेळा फिरते. एवढ्या फिरक्यांत वजनाचा किंचितसा कललेला भागही तिला वाटेवरून ढळवितो. फ्रँकलिन मॅन या अमेरिकन संशोधकाने गोळ्या मुद्दाम बिघडवून प्रयोग केले व १९०९ मध्ये ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. टोकाची खोडी पुष्कळशी क्षम्य असते, बुडाची नसते, असे त्यांतून दिसले. सामान्य समजुतीच्या हे नेमके उलट आहे.

तिरपेपणाची कारणे अगदी साधी असतात. साच्याच्या सांध्यात शिरलेल्या शिशाची धार बुडाच्या कडेला उरते आणि वाटी तिच्यावर अडते. किंवा बूड पूर्ण न भरता एका कडेला गोलसर राहते. किंवा गोळी डायमध्ये दाबताना वरचा दट्ट्या तिच्या टोकाशी जुळत नसल्यामुळे ती कलते. म्हणून पुष्कळांचा कल असतो तो गोळी सपाट दट्ट्यावर बुडाने उभी करून टोकाकडून डायमधून पार काढण्याकडे. त्यात वाटी आपोआप सपाट पृष्ठाशी भिडते. तापवून नरम केलेले तांबे दाबल्यावर मागे उसळत नाही, म्हणून अशी वाटी अधिक घट्ट धरते. पारख करावयाची तर गोळी बुडावर उभी करून काचेवर फिरवावी. डुलली की दोष उघड.

आता प्रश्न उरतो मराठी नावाचा. ‘टोपी’ हा शब्द मनात येतो, पण तो मोकळा नाही; ‘टोपीची बंदूक’ या प्रयोगात दारू पेटविणाऱ्या टोपीने तो केव्हाच अडविला आहे. ‘वायुरोधक’ निर्दोष, पण काहीसा निर्जीव. येथे व्युत्पत्ती साहाय्यास येते. इंग्रजी ‘चेक’ हा जुन्या फ्रेंचमधून आलेला, आणि त्याचे मूळ बुद्धिबळातील फारसी ‘शाह’ हे आहे. राजाला अडविणे, यावरून अडविणे; अडविण्यावरून खातरजमा करणे, असा त्याचा अर्थप्रवास. मराठीतील ‘शह’ त्याच फारसी शब्दाचा वंशज असून त्याने अडविण्याचा अर्थ आजतागायत सांभाळला आहे. तपासणीकडे तो कधी वळलाच नाही. तेव्हा ‘शहवाटी’ हा शब्द अर्थाने जुळतो आणि कुळानेही. तो कानाला प्रथम चमत्कारिक वाटेल, हे खरे. ‘काडतूस’ हा पोर्तुगीज शब्दही एके काळी तसाच वाटला असेल.

या निवडीचे महत्त्व केवळ कोशापुरते नाही. उडालेल्या गोळीपासून ही वाटी कधी कधी सुटून निराळी पडते. बेलापूर किंवा पनवेल येथील एखाद्या मराठी पंचनाम्यात ती ‘वायुतपासणी’ या नावाने नोंदली गेली, तर वाचणारा मुद्देमालात वस्तू न शोधता प्रयोगशाळेचा अहवाल शोधू लागेल. आणि नुसती ‘तांब्याची टोपी’ एवढेच लिहिले, तर ती न उडालेल्या दुसऱ्याच काडतुसाची समजली जाईल.