यंत्राची उजळणी आणि विजेचा खर्च

हल्लीं घरांत जितकीं माणसें, तितकीं स्मरणयंत्रें झालीं आहेत. आजोबांचा मोबाइल, सूनबाईंचा मोबाइल, मुलांचा लॅपटॉप, ह्या प्रत्येकांत नखाएवढ्या चिपेवर कोट्यवधि अक्षरें नांदत असतात. तीं तेथें फुकट राहत नाहींत. यंत्र स्वस्थ पडलेलें असतांनाही त्यांच्या रक्षणार्थ वीज खर्च होतच असते, हें मात्र पुष्कळांच्या ध्यानीं येत नाहीं. पदार्थविज्ञान हा आमचा विषय नव्हे; आमचा जन्म व्याकरण शिकविण्यांत गेला. तथापि ह्या विषयाचें मर्म जाणण्यास शिक्षकाचा अनुभव बराच उपयोगी पडतो, असें आम्हांस आढळून आलें.

वीज वांचविण्याचा प्रश्न सोलापूरकरांस परका नाहीं. दक्षिण सोलापूर तालुक्यांत एन.टी.पी.सी.चें १३२० मेगावॉटचें कोळशाचें वीजकेंद्र आहे. उजनीच्या ज्या जलाशयांतून शहरास पाणी येतें, त्याच जलाशयाचें पाणी त्या केंद्रासही लागतें. ज्या घरांनीं नळाची वाट पाहत हंडे मांडून कित्येक उन्हाळे काढले, त्यांस वीज आणि पाणी हीं दोन निराळीं खातीं वाटूं नयेत. नव्या मुंबईंत संगणकांचीं जीं अवाढव्य कोठारें उभीं राहत आहेत, त्यांची स्मृति अहोरात्र जागी ठेवावी लागते, आणि तिची वीज अशाच कोठल्या तरी केंद्रांतून जाते.

संगणक चालू काम ज्या स्मृतींत ठेवितो, तिला डीरॅम म्हणतात. आय.बी.एम. कंपनींतील रॉबर्ट डेनार्ड ह्यांस तिची कल्पना १९६६ सालीं सुचली व १९६८ सालीं तिचें पेटंट मिळालें. एक ट्रान्झिस्टर व एक कपॅसिटर मिळून तिचें एक घर होतें. कपॅसिटर म्हणजे विद्युत्भाराचा सूक्ष्म रांजण. भरलेला असेल तर एक, रिकामा असेल तर शून्य. रचना अशी साधी, म्हणूनच स्मृति स्वस्त झाली. परंतु हा रांजण पाझरतो! तो पुरता रिता होण्यापूर्वींच त्यांत काय होतें तें वाचून पुन्हां भरावें लागतें, आणि हें काम सामान्यतः दर ६४ मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदास सुमारें सोळा वेळां, प्रत्येक घराबाबत करावें लागतें. इंग्रजींत ह्यास रिफ्रेश म्हणतात. आम्हांस ‘उजळणी’ हाच शब्द अधिक शोभतो असें वाटतें. पाठशाळेंत नव्या संथेपूर्वीं जुनीची आवृत्ति करविणाऱ्या गुरुजींस ह्यांत नवल वाटणार नाहीं. विजेचा कांहीं भाग ह्या उजळणींतच जातो.

उष्णतेनें पाझर वाढतो. चिपेचें तपमान ८५ अंशांच्या वर गेलें कीं उजळणी दुप्पट वेगानें करावी लागते. मोबाइलच्या स्मृतींत तपमान पाहून हा वेग कमीजास्त करण्याची सोय असते. तसेंच यंत्र निजलें असतां जेवढ्या भागांत कामाची सामग्री आहे तेवढ्याचीच उजळणी करून बाकीचा भाग विसरूं देण्याचीही सोय केलेली असते. वैशाखांत गच्चीवर मोबाइल टाकून येणाऱ्या आमच्या घरच्या मुलांनीं हें वाचावें.

दुसरा उपाय विद्युद्दाब उतरविण्याचा. ऊर्जा दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत लागते. डी.डी.आर. जातीच्या पहिल्या पिढीस २.५ व्होल्ट लागत. पांचव्या पिढीस १.१ पुरतात. २.५ चा वर्ग ६.२५ आणि १.१ चा १.२१, म्हणजे इतर गोष्टी समान असतां खर्च एकपंचमांशाहूनही कमी.

तिसऱ्या उपायाची कथा आम्हांस सर्वांत रुचली. वर्गांत दोनचार मुलें मंद असलीं म्हणजे सबंध वर्गास तोच पाढा पुनःपुन्हां म्हणावा लागतो. चिपेंतही तसेंच आहे. बहुतेक घरें ६४ मिलिसेकंदांहून कितीतरी अधिक काळ भार राखतात. थोड्याशा दुबळ्या घरांपायीं सर्वांस उजळणी घडते. अमेरिकेंतील कार्नेगी मेलन विद्यापीठांतील संशोधकांनीं २०१२ सालीं असें सुचविलें कीं, दुबळीं घरें हुडकून त्या ओळींची उजळणी वरचेवर करावी, इतरांची विरळ. ३२ गिगाबाइट स्मृतीच्या त्यांच्या हिशेबांत उजळणी शेंकडा ७४.६ नें व स्मृतीची वीज सरासरी शेंकडा १६.१ नें घटली. लाभ लहान नव्हे. परंतु पुढें एक अडचण दिसून आली: कांहीं घरांची धारणा कायम राहत नाहीं, आज पास झालेलें घर उद्यां नापास होतें. परीक्षा एकदां घेऊन भागत नाहीं, हें कोणताही मास्तर सांगेल. पेढीची वही किंवा रुग्णालयाची नोंद ज्या स्मृतींत आहे, तेथें काटकसरीपायीं एकही अक्षर विसरलें जाणें आम्हांस मान्य नाहीं. अशा ठिकाणीं थोडी वीज अधिक गेली तरी चालेल.

आपल्या प्रांतांतील एक प्रयत्न येथें सांगितला पाहिजे. मुंबईच्या आय.आय.टी.मधील प्राध्यापक उदयन गांगुली व त्यांचे सहकारी ह्यांनीं मोहालीच्या सेमी-कंडक्टर लॅबोरेटरीच्या साह्यानें एकदांच लिहावयाची स्मृति सिद्ध केली. २०२१ च्या आरंभीं ही वार्ता प्रसिद्ध झाली. सुमारें दहा अणुथरांच्या सिलिकॉन डायऑक्साइडच्या पापुद्र्यावर जोराचें विद्युत्-क्षेत्र लावून त्यास कायमचें भेदावयाचें, हें तिचें तत्त्व. जणुं चिमुकली वीजच कोसळते. प्रचलित पद्धतींत त्यासाठीं मोठा दाब लागतो व तो उत्पन्न करण्याची यंत्रणा चिपेवरच बसवावी लागते. येथें ती लागत नाहीं, म्हणून वीज आणि जागा दोन्हीं वांचतात. उजळणीचा तर प्रश्नच नाहीं. एखादा तपमापक नेहमीं ठराविक अंशांनीं चुकत असेल, तर ती चूक ह्या स्मृतींत कोरून ठेवितात व तो त्याप्रमाणें सुधारून वाचतो. आमच्या सोलापूरच्या चादरीची नक्षी जेकार्ड मागावर भोकें पाडलेल्या पुठ्ठ्यांत जशी विजेवांचून टिकून राहते, तसाच हा प्रकार. मात्र मुंबईकरांच्या ह्या स्मृतींत तेव्हां आठच अंक मावले. चादरीच्या एका पुठ्ठ्यावर त्याहून कितीतरी अधिक भोकांची जागा असते.